माळ्यावरचा ढोल

गेल्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण न्यू जर्सीहून नगरास आली, तेव्हा तिच्या सामानात एक लांबट, जड खोके होते. मुले मोठी होऊन घराबाहेर पडली, तळघर आवरायला काढले, तेव्हा त्यात पडून राहिलेली ही वस्तू फेकून देणे तिच्या जिवावर आले. आणि भाच्याला उपयोगी पडेल म्हणून विमानाच्या वजनाचा हिशेब सांभाळून तिने ती इतक्या दूर आणली. खोके उघडले तेव्हा आतून प्लास्टिकच्या चार थाळ्या, नळ्यांचा एक सांगाडा, पायाने दाबायचे एक पायडल आणि लाकडाच्या दोन काड्या निघाल्या. आमच्या सौभाग्यवतींना प्रथमदर्शनी ते कपडे वाळत घालण्याचे साधन वाटले. चिरंजीवांनी मात्र ती वस्तू क्षणात ओळखली. ते नववीत आहेत, आणि अमेरिकेतल्या तळघरात काय असते याची माहिती त्यांना आमच्यापेक्षा अधिक असते.

ज्यांच्या घरी अशी वस्तू कधी आली नसेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. हा ढोल खरा नव्हे; पडद्यावरच्या एका खेळाचे ते हत्यार आहे. गाणे चालू होते, पडद्यावरून रंगीत ठिपके खाली उतरू लागतात, आणि ठिपका रेषेवर टेकला की त्याच रंगाच्या थाळीवर काडी मारायची. वेळ साधली तर गुण, चुकली तर गाण्याचा रंग जातो. जपानात १९९९ साली कोनामी कंपनीने 'ड्रममेनिया' या नावाने असा खेळ काढला. २००१ साली तेथील ताइको नावाच्या पारंपरिक ढोलावर नामको कंपनीचा खेळ आला. अमेरिकेत हार्मोनिक्स नावाच्या, १९९५ साली स्थापन झालेल्या मंडळीने २००५ साली 'गिटार हिरो' आणि २००७ साली 'रॉक बँड' हे खेळ तयार केले, आणि काही वर्षे घरोघरी या प्लास्टिकच्या वाद्यांचे पेव फुटले. पुढे लाट ओसरली. 'गिटार हिरो'च्या मालकांनी २०११ साली तो विभागच बंद केला आणि लक्षावधी ढोल तळघरांत गेले. पण काही उद्योगी माणसांनी ते उघडून, कापून, जोडून आपापल्या हाताला जमतील असे करून घेतले. आता हौशी मंडळींनी रचलेला 'क्लोन हिरो' नावाचा खेळ साध्या संगणकावरही चालतो, आणि त्यामुळे या जुन्या सांगाड्यांना पुन्हा बरे दिवस आले आहेत. आमच्या घरी आलेला ढोल कोणत्या कंपनीचा होता, हे सांगण्याचे कारण नाही. पंधरा वर्षे अडगळीत काढलेल्या वस्तूच्या खोडींबद्दल कोणाला दोष देणे बरे नव्हे.

तर त्याची पहिली खोड आवाजाची. वाचकांना वाटेल, ढोलाचा आवाज होणारच! पण ढोलाचा आवाज निराळा आणि कडक प्लास्टिकवर काडी आपटल्याचा आवाज निराळा. आमच्या नगरात (सरकारी कागदांत २०२४ पासून ते अहिल्यानगर झाले, पण एस्.टी.च्या रांगेतला माणूस अजून 'नगर'च म्हणतो) आवाजाचा तोटा कधीच नव्हता. गणेशोत्सवात ढोल-ताशांनी माळीवाड्यातली तावदाने थरथरतात, तेव्हा मी स्वतः गॅलरीत उभा राहून माना डोलावल्या आहेत. मढीच्या यात्रेतली हलगी किंवा मोहटादेवीच्या गडावरचे संबळ ऐकून अंगावर काटा आलेला आठवतो. पण या थाळ्यांच्या टकटकीत नाद म्हणून नव्हता. संगीत सारे चिरंजीवांच्या कानात, आणि बाहेरच्यांच्या वाट्याला फक्त लाकूडतोड!

आम्ही सावेडीत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या खाली एक निवृत्त शिक्षक असतात. त्यांना हृदयविकार आहे. एके दुपारी ते कठड्याला धरून, दोनदा थांबून वर आले आणि दारातच म्हणाले, "मुलाला रागावू नका हं. पण दुपारचे दोन तास तेवढे थांबेल का तो?" ते इतक्या नम्रपणे बोलले की मला शरम वाटली, आणि शरम वाटली म्हणजे माणसाला राग येतो, तसा मला आला. काका जिना उतरून जाताच मी सांगाडा मोडला, खोक्यात घातला आणि माळ्यावर टाकला. चिरंजीव एक अक्षर बोलले नाहीत. मीही बोललो नाही. घरात शांतता झाली आणि ती मला योग्य वाटली.

सुमारे दोन महिने ती तशीच राहिली. मग एका रात्री मी जेवायला आलो, तेव्हा चिरंजीव आधीच पाटावर बसले होते आणि दोन बोटांनी ताटाच्या कडेवर काहीतरी वाजवीत होते. ठेका साधा होता, पण पक्का होता. माझी चाहूल लागताच ती बोटे थांबली आणि मांडीवर गेली.

एवढेच घडले. पण ते बोटांचे थांबणे मी ओळखले, कारण चाळीस वर्षांपूर्वी तसाच मी थांबत असे.

माळीवाड्यातल्या आमच्या वाड्यात त्या काळी दर गुरुवारी भजन होई. मी बारा-तेरा वर्षांचा असेन. मामांनी मला तबला-डग्ग्याची एक जोडी आणून दिली होती, आणि भजनी मंडळातल्या एका गृहस्थांकडे मी आठ-नऊ महिने शिकलो. त्रिताल, दादरा, केरवा आणि एक-दोन कायदे एवढीच माझी मजल. त्या वर्षी गणितात मी कसाबसा उत्तीर्ण झालो. तीर्थरूप कचेरीतून आले, त्यांनी गुणपत्रिका पाहिली, घडी करून खिशात ठेवली. मारले नाही, बोलले नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तो कोपऱ्यात जोडी नव्हती. नुसती चुंबळ राहिली होती. ती कोणाला दिली, विकली की मामांना परत केली, हे मी त्यांना कधी विचारले नाही. पुढे नोकरी लागली, लग्न झाले, त्यांचे शेवटचे आजारपण मी काढले; रात्रीच्या रात्री आम्ही दोघे जागे असू आणि पुष्कळ बोलू. तबल्याचा विषय मात्र निघाला नाही. वाड्यात त्यांच्या वहाणांचा आवाज आला की बाकावर वाजणारी माझी बोटे थांबत, हे त्यांना ठाऊक होते की नव्हते, कोण जाणे.

जेवण झाल्यावर मी शिडी लावली आणि खोके खाली काढले. "एका अटीवर," मी म्हणालो, "खालच्या काकांना यत्किंचितही आवाज जाता कामा नये." चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले आणि सावधपणे विचारले, "बाबा, मग हा उघडून बदलला तर चालेल ना?" मी होय म्हणालो. मला वाटले होते की चार रबरी चकत्या चिकटवल्या म्हणजे काम झाले. ते काम तीन महिने चालले.

थाळी उघडली तेव्हा तिच्या पाठीला पितळेची एक पातळ चकती चिकटलेली दिसली. रुपयाएवढी, तिच्यावर पांढऱ्या चिनी मातीसारखा थर, आणि दोन तारा. ढोलाचे सारे रहस्य एवढेच! काही स्फटिकांवर दाब पडला म्हणजे त्यांत वीज उत्पन्न होते, हा शोध झाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० साली लावला. त्या गुणाला पीझोविद्युत् म्हणतात. काडीचा आघात झाला की चकती किंचित वाकते, विजेचा एक झटका निघतो, आणि यंत्र समजते की ठोका पडला. मौज अशी की हीच क्रिया उलटही होते. विजेचा झटका दिला तर चकती थरथरून आवाज करते. गजराच्या लहान घड्याळात जी चकती बोलते, तीच येथे ऐकते. चिरंजीवांनी बंद पडलेल्या एका घड्याळातली चकती काढून मला हे प्रत्यक्ष दाखवले. बोलणारी वस्तू ऐकूही शकते, याचे मला उगीचच फार नवल वाटले.

नव्या थाळ्यांसाठी रंगाच्या रिकाम्या बादल्या आल्या. त्या चार-चार बोटे उंचीवर कापल्या. आत आडवी पट्टी, पट्टीवर चकती, चकतीवर स्पंजाचा शंकू, आणि त्याच्या टोकाला टेकेल अशी वर ताणलेली जाळी. कातड्याऐवजी जाळी घेतली, म्हणजे हवा आरपार जाते आणि आवाज होत नाही. काडी मात्र खऱ्या चामड्यावरून उसळावी तशी उसळते. परदेशात यासाठी तयार जाळ्या मिळतात. आम्ही डासांसाठी खिडकीला लावतात ती जाळी दुहेरी करून वापरली. पण ती एकसारखी ताणली जाईना. एका जागी काडी उड्या मारी, दुसऱ्या जागी मेल्यासारखी पडे. तेव्हा मला ज्या माणसाकडे जाण्याचे सुचले, त्याच्या दुकानावरून मी गेली चाळीस वर्षे मान वळवून जात आलो होतो.

जुन्या गावात तबले-ढोलकी मढवणारे एक वृद्ध कारागीर आहेत. आम्ही बादली घेऊन गेलो, तेव्हा ते एका पुडीवर शाईचा थर घोटीत होते. शाई हे आपल्या देशाने वाद्यविद्येला दिलेले मोठे दान आहे. साध्या ताणलेल्या चामड्यातून निघणाऱ्या निरनिराळ्या कंपनांचा एकमेकांशी मेळ नसतो, म्हणून बहुतेक ढोल नुसते धडधडतात. मध्यावर शाईचे वजन पडले की ती कंपने सुरांच्या क्रमात येतात आणि तबला गाऊ लागतो. चंद्रशेखर रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात हे प्रथम शास्त्रीय रीतीने मांडले. पण ज्याने पहिल्यांदा चामड्यावर लोहचूर्णाची लुकण घोटली, त्याला रामन भेटले नव्हते. त्याने नुसते ऐकले आणि वाद्य बदलले. पखवाजाच्या डाव्या अंगाला भिजवलेली कणीक लावणारा, हलगी जाळावर शेकून चढवणारा, हे सारे त्याच जातीचे. आपले एकही ताडवाद्य जसे हाती आले तसे कोणी वाजवलेले नाही. चिरंजीव करीत होते तो उद्योग मला अमेरिकन वाटला होता. तो फार जुना आणि घरचा निघाला.

म्हाताऱ्यांनी बादली हातात घेतली, जाळीवर बोट मारले, कानाजवळ नेली आणि विचारले, "ह्याला आवाज कुठाय?"

"आवाज नकोच आहे, आजोबा," चिरंजीव म्हणाले.

ते क्षणभर थांबले. "मग मढवायचं कशाला?"

चिरंजीवांनी समजावून सांगितले. ते कितपत पटले कोण जाणे. पण काम समोर आले की कारागिराचे हात वाद घालीत नाहीत. त्यांनी ढोलकीला ओवतात तशी दोरी ओवून, कड्या सरकवून जाळी ताणून दिली. मग ते जाळीच्या कडेने आठ ठिकाणी बोटाने टिचकी मारीत गेले. तबल्याला सोळा घरे आणि आठ गठ्ठे असतात; सुरात लावताना प्रत्येक घर दुसऱ्याशी बोलले पाहिजे. या जाळीला सूर नव्हता, पण ताण होता, आणि तो त्यांच्या बोटाला ऐकू येत होता. "तुम्ही शिकलात काय कधी?" त्यांनी मला एकाएकी विचारले. मी म्हणालो, "थोडेसे. सुटले." त्यांनी मान हलवली आणि दुसरी बादली मागितली.

ताण जमला, तरी खोडी संपल्या नाहीत. डावी थाळी वाजवली की सांगाड्यातून थरथर जाऊन उजवीही आपलाच ठोका पडला असे सांगे. एकच ठोका दोनदा मोजला जाई, कारण जाळी उसळून पुन्हा शंकूवर आपटे. चिरंजीवांनी आर्डुइनो नावाचा एक छोटा विद्युत्-फलक आणला होता. २००५ साली इटलीत विद्यार्थ्यांसाठी निघालेली ही वस्तू आता आपल्याकडेही सहज मिळते. जोराच्या ठोक्याचा झटका त्या फलकाला सोसत नाही, म्हणून प्रत्येक चकतीला दहा लाख ओहमांचा एक रोध जोडला. मग थाळ्यांखाली रबर घातले, आणि फलकाला दोन नियम शिकवले. पहिला असा, की अमुक इतक्याहून हलका झटका आला तर तो ठोका समजू नये. दुसरा असा, की एक ठोका ऐकल्यावर काही सहस्रांश सेकंद कान मिटून घ्यावे. यातला पहिला आकडा जास्त ठेवला तर हळुवार वाजवलेले ऐकू येत नाही. कमी ठेवला तर शेजारची थरथरही ठोका ठरते. संध्याकाळच्या संध्याकाळी मी काडी मारीत असे आणि ते आकडे बदलीत असत. "आणखी हळू मारा, बाबा." "आता जोरात." "पुन्हा तसेच." जन्मात मी त्यांचे इतके ऐकले नव्हते.

पायडलची बिजागरी तर पहिल्याच आठवड्यात मोडली होती. आईचे पायाने चालवायचे शिवणयंत्र कित्येक वर्षे गच्चीच्या जिन्याखाली होते. त्याचे लोखंडी पायडल सुटे करून त्याला मोटारसायकलच्या ब्रेकची स्प्रिंग लावली. एका कडेला लोहचुंबक, समोर दारावरच्या गजरात असतो तसला रीड स्विच. चुंबक जवळ आला की स्विच लागतो, ठोका पडतो. ज्या पायडलवर माझे बालपणचे सगळे सदरे शिवले गेले, त्यावर नातवाचा पाय पडला. आईला हे आवडले असते, असे मला वाटते. तीर्थरूपांबद्दल खात्री देता येत नाही.

मग परीक्षेचा दिवस आला. मी खाली काकांच्या खोलीत जाऊन बसलो आणि वर चिरंजीवांनी वाजवायला घेतले. हातांचा आवाज अगदी गेला होता. पण पायाचा ठोका छतातून बारीक येत होता. धप्... धप्. मी खजील झालो. त्यावरही उपाय निघाला. टेनिसचे जुने चेंडू अर्धे कापून दोन फळ्यांच्या मध्ये बसवले आणि सारा सांगाडा त्या तक्तपोशीवर ठेवला. दुसऱ्या परीक्षेच्या वेळी मी काकांकडे वीस मिनिटे बसलो. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक स्वच्छ ऐकू येत होती. शेवटी न राहवून मी विचारले, "काका, काही ऐकू येते का?" ते म्हणाले, "नाही बुवा. का? मुलाने सोडून दिले की काय?" त्यांच्या स्वरात खरीखुरी काळजी होती. मी म्हणालो, "नाही, आत्ता वाजवतोच आहे." ते छताकडे पाहू लागले आणि हसले.

या वाद्याला मी संगीत म्हणावे काय? मनापासून म्हणवत नाही. तबल्यावर 'ना' आणि 'तिं' यांत बोटभर जागेचे अंतर असते आणि सगळा जीव त्या अंतरात असतो. चकतीला जागा कळत नाही. ठोका केव्हा पडला आणि किती जोराने, एवढेच तिला ठाऊक. डग्ग्यावर मनगट घासून निघणारी मींड तिच्या स्वप्नातही येणार नाही. खेळ वेळ शिकवतो. नाद शिकवीत नाही. हे मी चिरंजीवांना सांगितले. त्यांनी वाद घातला नाही. ते म्हणाले, "पण वेळ तर शिकवतो ना?" याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्यांचे सध्याचे आवडते गाणे 'द हू' या इंग्रज वाद्यवृंदाचे आहे. १९७१ सालचे हे गाणे २००८ साली 'रॉक बँड'साठी आले होते. त्याचे नाव 'बाबा ओ'रायली'. यातले बाबा कोण, असे मी विचारले आणि उत्तर ऐकून थक्क झालो. ते आमच्या दौंड रस्त्यावरचे, अरणगावच्या मेहेराबादेत ज्यांची समाधी आहे ते मेहेरबाबा. गाणे रचणारा पीट टाउनशेंड त्यांचा भक्त. आणि रायली हा अमेरिकन संगीतकार टेरी रायली. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरले ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत सोडले नाही. ज्या माणसाने जवळजवळ चव्वेचाळीस वर्षे शब्द उच्चारला नाही, त्याचे नाव इतक्या धडाक्याच्या गाण्याला! समाधीपासून काही कोसांवर एक नगरी मुलगा, अमेरिकेच्या तळघरातला ढोल मुका करून, ते गाणे वाजवीत बसतो. त्या गाण्याच्या आरंभी बराच वेळ एकटा ऑर्गन वाजत असतो. ढोल मागाहून येतो. तोवर चिरंजीव काड्या वर धरून अगदी निश्चल बसतात. त्यांना मी इतके स्वस्थ बसलेले दुसऱ्या कशाहीसाठी पाहिलेले नाही.

परवा रात्री मी त्यांच्या खोलीत गेलो. माझी चाहूल लागली तरी वाजवणे थांबले नाही. गाणे संपल्यावर त्यांनी काड्या माझ्यापुढे धरल्या. मी त्या बाजूला ठेवल्या आणि जाळीवर नुसत्या बोटांनी केरवा वाजवून पाहिला. बोटे ताठरली होती; शिवाय पडद्यावर काहीच उमटेना. चकतीला माझा हात ऐकू येत नव्हता.

"थांबा जरा," चिरंजीव म्हणाले. त्यांनी फलकाची तार संगणकाला जोडली आणि तो पहिला आकडा खाली आणला. एकदा, मग आणखी एकदा. मला एक टिचकी मारायला सांगितली. पडद्यावर एक लहानसा ठिपका पेटला.

"आता वाजवा, बाबा," ते म्हणाले. "हळू वाजवले तरी चालेल."